तुरुंग हलवायचा, की किल्ला उघडायचा?

ठाण्यात कळव्याच्या पुलाच्या बाजूला एक जुनी दगडी भिंत आहे. येणारा-जाणारा तिला जेलची भिंत म्हणतो आणि पुढे जातो. खरं तर ती किल्ल्याची तटबंदी आहे. पोर्तुगिजांनी १७३०च्या दशकात हा किल्ला बांधायला घेतला. १७३७ साली मराठ्यांनी तो अर्धवट बांधकामासकट जिंकला आणि पुरा केला. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो लढून घेतला, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचं कारागृह झालं. आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह ते हेच. भरवस्तीतला हा किल्ला आतून पाहायचा, तर पहारेकरी तरी असावं लागतं, नाहीतर कैदी.

तुरुंग दुसरीकडे न्यावा आणि किल्ल्याचं संग्रहालय करावं, ही मागणी ठाण्यात अनेक वर्षं होते आहे. तिच्या बाजूने बोलणारा माणूस आणि विरुद्ध बोलणारा माणूस, दोघंही मला जवळचे वाटतात. म्हणून या लेखापुरती दोन माणसं मी समोरासमोर बसवली आहेत. मामा डोंबिवलीचे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, रविवारी किल्ले पालथे घालणारे. भाची ठाण्याच्या न्यायालयात वकिली करते, आणि ज्यांना वकील परवडत नाही अशा कैद्यांची कामं विधी सेवेतून घेते. मामा संग्रहालयाच्या बाजूचे. भाची विरोधात. निदान सुरुवातीला तरी.

मामा : दिवाळीत आमच्या सोसायटीतली पोरं मातीचे किल्ले करतात. रायगड होतो, प्रतापगड होतो, सिंधुदुर्ग तर पाण्यासकट होतो. ठाण्याचा किल्ला केलेला मी आजवर पाहिला नाही. कसा करतील? तो दिसतो कसा हेच कुणाला माहीत नाही. नकाशावर नाही, सहलीच्या यादीत नाही. मी वर्गात साष्टीची, म्हणजे ठाणे ज्या बेटावर आहे त्याची, मोहीम शिकवायचो, तेव्हा मुलं विचारायची, सर, हा किल्ला कुठे आहे? मी सांगायचो, जेलमध्ये. आणि ती हसायची, कारण त्यांना वाटायचं की किल्ल्यालाच शिक्षा झालीय.

भाची : त्यांना सांगायचंस की किल्ल्यापेक्षा जास्त शिक्षा आतल्या माणसांना झालीय. आणि शिक्षासुद्धा नाही, नुसतं ताब्यात ठेवलंय. मामा, देशभरात तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी तिघांचा खटला अजून संपलेला नाही. आम्ही त्यांना कच्चे कैदी म्हणतो. ठाण्याच्या जेलची क्षमता अकराशेच्या आसपास आहे, आणि आतली गर्दी तिच्या कितीतरी पट. त्यातल्या एकेकाला तारखेला कोर्टात न्यायचं असतं. कोर्ट नाका तिथून हाकेच्या अंतरावर. उद्या तू जेल उचलून दूर कुठे नेलंस, तर पोलीस पार्टी मिळाली नाही, गाडी मिळाली नाही, म्हणून किती तारखा बुडतील याचा विचार केलायस?

मामा : तारखा आता व्हिडिओवर होतात म्हणे.

भाची : होतात, आणि सोयही आहे त्यात. पण पडद्यावर माणूस न्यायाधीशाला दिसतो दोन मिनिटं. मला त्याच्याशी बोलायला मिळत नाही. त्याचा जामीन मंजूर होऊनही तो आत का आहे, हे मला तो समोर आला तरच कळतं. पुष्कळदा उत्तर एवढंच असतं, की जामीनदार मिळत नाही, कारण ओळखीत कुणाच्या नावावर घर नाही. असा माणूस खटल्याच्या आधीच शिक्षा भोगून बाहेर पडतो.

मामा : हे मी नाकारत नाही. पण हा प्रश्न कायद्याचा आहे, किल्ल्याचा नाही. किल्ल्याच्या भिंतीला त्यात का अडकवायचं? तुला १७७४ची हकीकत माहीत आहे ना?

भाची : थोडीफार. पोर्तुगीज परत येणार म्हणून इंग्रजांनी घाई केली, एवढं.

मामा : बरोबर. युरोपातून पोर्तुगीज आरमार निघालंय, ते साष्टी परत घेणार, अशी बातमी मुंबईला लागली. पेशव्यांच्या घरात त्या वेळी राघोबादादांवरून भांडण पेटलेलं. मुंबईच्या इंग्रजांनी ठरवलं, पोर्तुगिजांच्या आधी आपण. जनरल गॉर्डनची फौज आली, आणि कमोडोर वॉटसनचं आरमार खाडीतून आलं. किल्ल्याभोवती खंदक होता. २७ डिसेंबरला इंग्रजांनी तो खंदक भरून काढायचा प्रयत्न केला, आणि आतल्या शिबंदीने तो हाणून पाडला. त्या एका प्रयत्नात त्यांचे शंभर युरोपियन मेले किंवा जखमी झाले. वॉटसनही या वेढ्यातच गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हल्ला झाला, किल्ला पडला, आणि आत जे लोक होते त्यातले बहुतेक कापले गेले. त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. कोण होते ते? कुठल्या गावचे? त्या खंदकापाशी आज ठाण्याचा एक माणूस क्षणभर थांबत नाही, कारण खंदक कुठे होता हे रस्त्यावर उभं राहून सांगताच येत नाही.

भाची : हे मला माहीत नव्हतं.

मामा : मग! लंडनच्या टॉवरचा खंदक १८४३ मध्ये कोरडा केला. २०१४ मध्ये पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्या कोरड्या खंदकात चिनीमातीची ८,८८,२४६ लाल फुलं लावली, मेलेल्या प्रत्येक ब्रिटिश आणि ब्रिटिश वसाहतींतल्या सैनिकामागे एक. लोक खंदकाच्या काठावर तासन् तास उभे होते. किल्ल्याचा सगळ्यात रिकामा भाग सगळ्यात जास्त बोलला. आपल्या खंदकाला बोलायला तोंडच ठेवलेलं नाही.

भाची : पण टॉवरसुद्धा तुरुंगच होता ना शतकानुशतकं? आज लोक तिथे हिरे बघायला जातात आणि ज्या राण्यांची डोकी उडवली त्यांच्या गोष्टी ऐकतात. तुरुंग संग्रहालय झाला की त्यातलं दुःख राजघराण्याचं होतं. बाकीचे कैदी गायब. मला भीती आहे ती याची.

(इथे मला मध्येच बोलावंसं वाटतं. भाचीची ही भीती साधी नाही. किल्ल्याचं संग्रहालय करणारी माणसं बहुधा किल्ल्यावर प्रेम करणारी असतात, आणि प्रेमाने माणूस नको ते पुसून टाकतो. नंतर घातलेले पत्रे काढा, चुना खरवडा, मूळ रूप आणा. पण ठाण्याच्या किल्ल्याचं मूळ रूप कुठलं? पोर्तुगिजांच्या हाती तो पुरा झालाच नाही. मराठ्यांच्या हाती तो सदतीस वर्षं होता. इंग्रजांच्या हाती आणि नंतर आपल्या हाती मिळून तो अडीचशे वर्षं आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं तुरुंग म्हणूनच गेली. वर्षांचा हिशेब लावला, तर हा किल्ल्यात घातलेला तुरुंग नाही. तुरुंगाच्या खाली दबलेला किल्ला आहे. दोन्ही खरे.)

मामा : मग तू गोव्याला आली होतीस माझ्याबरोबर. रेइश मागुश पाहिलास. मांडवीच्या मुखावर, १५५१चा किल्ला. १९९३ पर्यंत तिथे तुरुंग होता. नंतर पडीक झाला, जांभा सुटायला लागला, झाडं उगवली. जेरार्ड द कुन्या या वास्तुविशारदाने दुरुस्ती केली, हेलन हॅम्लिन ट्रस्टने पैसा दिला, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था सोबत होती, आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला. आवडला होता तुला.

भाची : खूप आवडला होता. मारिओ मिरांडांची चित्रं, वरून दिसणारी नदी, पलीकडे पणजी. स्वातंत्र्यसैनिकांचे फोटोही होते. पण खरं सांगू? बाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात नदी राहिली, मारिओ राहिला. कोठडी राहिली नाही. एक वकील म्हणून मला त्याची लाज वाटली. इतकी सुंदर दुरुस्ती, की तिथे माणसं कोंडली होती हे मी विसरले.

मामा : दुरुस्ती सुंदर केली हा दोष झाला का?

भाची : दोष नाही. पण तिथे मी विसरले, तर ठाण्यात काय होईल? इथे तर काल सुटलेला माणूस आज तिकीट काढून आत येऊ शकतो. त्याच्या बराकीत आपण काय ठेवणार? तोफगोळे?

मामा : मग नगर. नगरच्या भुईकोटाचा खंदक पाहताना तूच म्हणालीस, एवढा रुंद खंदक मी पाहिला नाही. चांदबिबीने मोगलांना तिथेच थोपवलं. आणि १९४२ ते ४५ काँग्रेसची कार्यकारिणी तिथेच कैदेत होती. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं, मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर' तिथली. किल्ला आजही लष्कराकडे आहे. पण त्यांच्या खोल्या जपल्यात आणि लोक ओळखपत्र दाखवून जाऊन पाहतात. कामही चालू, दर्शनही चालू.

भाची : हे मला रेइश मागुशपेक्षा जास्त पटतं. जागा रिकामी केली नाही, तरी उघडी झाली. येरवड्यातही २०२१च्या २६ जानेवारीपासून जेल पर्यटन सुरू झालं. गांधी जिथे होते, टिळक जिथे होते, पुणे करार जिथे झाला, तो भाग बघता येतो आणि तुरुंग चालूच असतो.

मामा : मग ठाण्यातही तेच करा! फाशीची जागा आहे तिथे. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे, तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथे फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग होता, तिथे त्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. चार महिन्यांत सगळं संपलं. त्यांच्या आधी राघोजी भांगरे. अकोले तालुक्यातले महादेव कोळी, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सावकार आणि सरकार दोघांविरुद्ध उठले. २ मे १८४८ला ठाण्यातच फाशी. सावरकर अंदमानला जाण्याआधी इथेच होते. एवढ्या माणसांची जागा, आणि मुलाला दाखवायची तर विशेष परवानगी काढायची.

भाची : ती जागा दाखवायला माझी हरकत कधीच नव्हती. माझी हरकत जेल हलवण्याला आहे. तुला मुलाकातीची रांग माहीत नाही, मामा. सकाळी कळव्याहून, मुंब्र्याहून, टिटवाळ्याहून बायका येतात. हातात पिशवी, पिशवीत कपडे. लोकलने येतात आणि स्टेशनवरून चालत येतात, कारण चालत येता येतं. नंबर लागेपर्यंत उन्हात बसतात. आत काचेपलीकडे माणूस, हातात फोन, बोलायला काही मिनिटं. तेवढ्यासाठी एक दिवसाचा रोज बुडतो. जेल शहराबाहेर नेलंस, तर तो दिवस दोन दिवसांचा होईल. मग महिन्यातून दोनदा येणारी एकदा येईल, आणि पुढे येईनाशी होईल. आत कैदी एकटा पडला, की तो काय होऊन बाहेर येतो हे मी पाहिलंय.

मामा : कल्याणला आधारवाडीत जेल आहेच की.

भाची : आहे, आणि तेही भरून वाहतंय. ठाण्याचे लोक तिथे घालणार कुठे? तळोजाला पाठवणार? भिवंडीच्या बाईने तळोजाला जायचं म्हणजे काय, हे एकदा नकाशावर नाही, एसटी आणि रिक्षाच्या भाड्यावर मोजून बघ.

मामा : तू मला असं दाखवतेस, की किल्ला मागणारा माणूस म्हणजे गरिबाच्या विरोधात. तसं नाही ते. ही जागा लोकांची आहे. अंजूरचे गंगाजी नाईक, भिवंडीजवळचं अंजूर, तुझ्या त्या बाईच्या गावाशेजारचं. पोर्तुगिजांच्या जाचाविरुद्ध या माणसाने किती वर्षं खटपट केली. पेशव्यांकडे हेलपाटे घातले, स्थानिक लोक जुळवले, वाटा दाखवल्या. १७३७च्या मार्चमध्ये मराठे खाडी उतरून ठाण्यात आले त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत. नुसत्या चिमाजीअप्पांच्या तलवारीने ते झालं नाही. ही गोष्ट भिवंडीच्या, कळव्याच्या, मुंब्र्याच्या पोराला त्या बुरुजावर उभं करून सांगितली, तर ते शहर त्याचं होईल. आज त्याला त्या भिंतीचा अर्थ एकच माहीत आहे, की आपल्यातलं कुणी तिच्या आत जातं.

(या वाक्यापाशी भाची गप्प झाली असती असं मला वाटतं. कारण ते खरं आहे. ठाण्यातल्या गरीब वस्तीतल्या मुलाला ही भिंत फक्त धाक म्हणून माहीत आहे. तिचा दुसरा अर्थ त्याच्यापर्यंत पोचवणं हे काम संग्रहालयाचंच आहे, आणि ते दुसरं कुणी करणार नाही. कल्याणला निदान दुर्गाडी आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढच्या काही वर्षांत या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली, हे कल्याणच्या पोराला सांगता येतं. नौदलाची निवृत्त झालेली टी-८० ही नौकाही तिथे आरमाराच्या स्मारकासाठी आणली गेली आहे. ठाण्याच्या पोराकडे तळावपाळी आहे आणि १८५३ची रेल्वे आहे. किल्ला नाही.)

भाची : ते मान्य. पण मग मला सांग, त्या पोराचा बाप आत असेल तर? बुरुजावर उभं राहून तो खाली काय बघेल?

मामा : हेच तर मी म्हणतोय. म्हणून जेल हलवा.

भाची : आणि बाप कुठे जाईल?

मामा : ...

भाची : बघ. तुला जागा पाहिजे, माणसं कुठे जातील याचं उत्तर तुझ्याकडे नाही. आणि जागा रिकामी झाल्यावर ती संग्रहालयालाच मिळेल याची तरी कुणी खात्री दिलीय? स्टेशनजवळ, खाडीकाठी, कोर्टाशेजारी एवढी जमीन. ठाण्यात. तुला काय वाटतं, तिच्याकडे नुसते इतिहासप्रेमीच बघत असतील?

मामा : ही भीती माझीही आहे. पोर्तुगालमध्ये तेच झालं होतं जवळजवळ. पेनीशचा किल्ला ऐकलायस?

भाची : नाही.

मामा : समुद्राकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांचा तुरुंग. आपल्या गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, यांना समुद्रापार नेऊन तिथे ठेवलं होतं. १९६०च्या जानेवारीत त्या किल्ल्यातून कम्युनिस्ट नेते अल्व्हारो कुन्याल आणि आणखी नऊ कैदी निसटले. १९७४च्या एप्रिलमध्ये क्रांती झाली, कैदी सुटले, तुरुंग बंद. पुढे २०१६ मध्ये सरकारने ऐतिहासिक वास्तूंची एक यादी काढली, हॉटेल करण्यासाठी खासगी लोकांना द्यायच्या म्हणून, आणि तिच्यात पेनीश! जुने कैदी आणि त्यांची मुलं उभी राहिली. ज्या कोठडीत आमची माणसं कोंडली, तिथे पाहुणे उतरणार? सरकारला ते नाव मागे घ्यावं लागलं. २७ एप्रिल २०२४ला, कैदी सुटल्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं.

भाची : म्हणजे तिथे ते कैद्यांमुळे वाचलं. किल्ल्यावर प्रेम करणाऱ्यांमुळे नाही.

मामा : दोघांमुळे.

भाची : पण पहिली हाक कैद्यांची. ठाण्यात ही हाक कोण देईल? आपण आत असलेल्यांना, त्यांच्या बायकांना, आयांना, या चर्चेत कधी विचारलंय का?

मामा : तुझा हा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. एवढी वर्षं किल्ल्यांवर बोलतोय मी. त्र्यंबकजी डेंगळे मी शंभरदा सांगितला असेल.

भाची : सांग पुन्हा. तो याच किल्ल्यात होता ना?

मामा : याच. बाजीराव दुसऱ्याचा कारभारी. १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने संशय त्र्यंबकजीवर ठेवला आणि पेशव्यांना त्याला हवाली करायला लावलं. ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला. इथला माणूस इथल्या माणसाला फितेल म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. आणि तिथेच घोळ झाला. एका अधिकाऱ्याच्या घोड्याला एक मराठी मोतद्दार होता. तो कैद्याच्या खिडकीखाली घोडा खरारा करताना गाणी गायचा. पहारेकऱ्यांना ती भाषा येत नव्हती. त्या गाण्यात घोडा कुठे आहे, माणसं कुठे आहेत, सगळा निरोप होता. १८१६च्या सप्टेंबरात, पावसाळी काळोखात त्र्यंबकजी निसटला. दोन वर्षांनी पुन्हा सापडला, आणि काशीजवळ चुनारच्या किल्ल्यात बंद झाला. बिशप हेबर १८२४ मध्ये तिथे जाऊन त्याला भेटला, आणि या गाण्याची हकीकत त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली.

भाची : त्या मोतद्दाराचं नाव?

मामा : नाही माहीत.

भाची : बघ ना, मामा. खंदकावर मेलेल्यांची नावं नाहीत, मोतद्दाराचं नाव नाही. आणि तुझं संग्रहालय होईल तेव्हा भिंतीवर नावं असतील त्र्यंबकजीचं, राघोजीचं, कान्हेऱ्यांचं.

मामा : असायलाच पाहिजेत!

भाची : पाहिजेतच. पण एक सांग. त्र्यंबकजीवर खुनाचा आरोप होता. राघोजीला इंग्रजांच्या कागदांत दरोडेखोर म्हटलंय. कान्हेरे तर कायद्याने खुनीच. त्यांना तू भिंतीवर घेतोस, कारण त्यांनी ते का केलं हे तुला आज कळतं. मग त्याच बराकीत १९२०मध्ये, १९५०मध्ये, गेल्या वर्षी जो भुकेपायी चोरी करून आला, किंवा ज्याचा खटला उभाच राहिला नाही आणि जो निर्दोष सुटला, त्याचं काय? तो तिथे नव्हताच, असं दाखवायचं?

मामा : म्हणजे सगळ्यांची नावं लावायची? ज्यांनी खरोखर कुणाचा जीव घेतला, लेकीबाळींवर हात टाकला, त्यांचीही? कान्हेऱ्यांच्या शेजारी? मी नाही लावू देणार.

भाची : तसं मीही म्हणणार नाही. त्यांनी ज्यांना दुखावलं ती घरंही याच जिल्ह्यात आहेत. त्यांना त्या भिंतीपुढून जावं लागेल.

मामा : मग?

भाची : नावं नकोत. जागा दाखवा. मुलाकातीची खिडकी तशीच ठेवा, काच आणि फोनसकट. जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगा, नाव न घेता. बराक तेवढीच भरलेली दाखवा, म्हणजे क्षमतेचा आकडा आणि आत झोपणाऱ्या माणसांचा आकडा एकाच फळीवर लिहा. शाळेची मुलं आली की त्यांना त्या फळीपुढे उभं करा. मग त्यांना कान्हेऱ्यांची कोठडीही वेगळी दिसेल.

(भाचीचं हे म्हणणं मला या सगळ्या वादातलं सर्वांत वजनदार वाटतं, आणि मामांचं एक म्हणणं तितकंच : खंदक आणि तटबंदी यांना कैद्यांची जागा रिकामी होण्याची वाट पाहायला लावायचं काही कारण नाही. तटाची बाहेरची बाजू रस्त्यावरून दिसतेच. तिथे झाडं काढणं, माती हटवणं, खंदकाची रेघ जमिनीवर दगडांनी आखणं आणि एक फळा लावणं याला तुरुंग हलवावा लागत नाही. सुरक्षेचा प्रश्न येईल, पण तो नगरला लष्करानेही सोडवला आहे.)

मामा : बाहेरचा तट आधी. हे मी लिहून देतो. खंदकाच्या काठी २७ डिसेंबर आणि २८ डिसेंबर या दोन तारखा. कुणाची नावं नाहीत, कारण आपल्याकडे नाहीत. त्या दोन तारखांखाली एवढंच, की इथे खंदक होता आणि आतल्यांनी तो एक दिवस राखला.

भाची : आणि आतलं?

मामा : आतलं कोर्टाच्या जवळ, रेल्वेच्या जवळ, पुरेशी मोठी नवी इमारत तयार होईपर्यंत नाही. तू म्हणतेस तशी. हलवायचं तर आधी ती इमारत उभी राहिली पाहिजे, तिथे पहिली मुलाकात झाली पाहिजे, आणि मगच इथला पहिला पत्रा काढायचा.

भाची : आणि ती इमारत कुठे हवी हे ठरवताना मुलाकातीच्या रांगेत उभं राहून विचारायचं. तू ये माझ्याबरोबर. सोमवारी.

मामा : येतो. पण गंगाजी नाईकांचा एक फलक मी त्या रांगेच्या समोरच्या भिंतीवर लावून घेणार आहे. त्या बायका उन्हात बसतात ना, त्यांच्यासमोर. अंजूर म्हटलं तर त्यांच्यातली एखादी म्हणेल, हे तर आमच्याकडचं.

भाची : त्याआधी तिथे सावली करा, मामा. बसायला बाक, प्यायला पाणी. मग फलक.

मामा : दोन्ही एकाच अर्जात लिहू.